गप्प बंडी

बंडी गप्प बसायला शिकली, तेव्हा शाहीनला वाटलं होतं की आता कुठे ती कामाची झाली.

पहिल्या वर्षी ही बंडी, अंगात घातली की पाठीवर टिचक्या देऊन बर्फावरची वाट सांगणारी, म्हणजे नुसती चोंबडी होती. उतारावर जरासा उंचवटा आला की टिचकी, वळण आलं की टिचकी, शेजारून कुणी घसरत गेलं तरी टिचकी. शाहीन खाली पोचायची तेव्हा पाठ अशी बधिर झालेली असायची, जणू तिच्यावर कुणी लग्नघरचे पापड लाटलेत. मग ती बंडी काढून इंद्रनीलच्या अंगावर फेकायची आणि म्हणायची, हिला आधी तोंड आवरायला शिकव.

इंद्रनील बर्वे हा बंडीचा कर्ता. पुण्याच्या प्रयोगशाळेतला तिशीचा इंजिनिअर, थंडीने सदा नाक लाल झालेला. त्याने बंडीला तोंड आवरायला शिकवलं. तीन हिवाळ्यांत ती इतकी शहाणी झाली की अख्ख्या उतारावर फार तर वीस-पंचवीस टिचक्या द्यायची, आणि त्याही नेमक्या. शाहीन तिच्यावर खूश होती. माणूस असो की यंत्र, कमी बोलणारं तिला आवडायचं.

शाहीन शिकलगार मूळची मिरजेची. अब्बा तानपुऱ्यांच्या कारखान्यात जवारी लावायचे. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीकसा दोरा घालायचा आणि तो केसभर मागे-पुढे सरकवत राहायचं, आवाज उघडेपर्यंत. सातव्या वर्षी तापाने शाहीनची नजर गेली, उजेड आणि अंधार एवढाच फरक राहिला, तेव्हापासून ती त्यांच्या पाटाशेजारी बसून ते ऐकायची. आंधळ्यांचे कान उपजत तिखट असतात असं डोळस लोक म्हणतात, ते काही खरं नाही. कान सगळ्यांना सारखेच असतात, काहींचे कामाला लागतात एवढंच. शाहीनचे लागले. ती पंचविसाव्या वर्षी हिमाचलात दुगलधारच्या उतारावर आली, पायाला स्की बांधल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली की बर्फालासुद्धा जवारी असते. मऊ हिमावर स्की सरकते तेव्हा आवाज गोल असतो. घट्ट गोठलेल्या जागेवर तो एकदम बंद होतो, पातळ होतो. अशा जागेला दुगलधारवर सगळे काच म्हणत.

काच हे आताशा नेहमीचंच दुखणं झालं होतं. हिवाळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. दुपारी हिम पाझरायचं, संध्याकाळी तेच पाणी गोठायचं आणि सकाळी उतारावर कुठे ना कुठे काच धरलेली असायची. डोळस माणसाला ती चमकताना दिसते. शाहीनला अर्धा श्वास आधी ऐकू यायची, स्कीचं टोक तिच्यावर चढायच्या क्षणी, आणि तेवढ्यात तिचे गुडघे वाकून वजन पुढे आलेलं असायचं. हे ती ठरवून करत नसे. शिंक जशी येते तसे गुडघे वाकत.

अकरा वर्षांत ती दोनदा जागतिक स्पर्धांना जाऊन आली, एकदा सहावी आली. पण तिचा जीव अडकला होता तो दुसरीकडेच. दुगलधारवर सरकारी कागदात ज्यांना दिव्यांग म्हणतात आणि पाठ फिरली की ‘तसली माणसं’ म्हणतात, त्यांना वर्षातून फक्त दोन दिवस उतारावर येता यायचं, आणि तेही प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षित वाटाड्या असेल तरच. बंडीच्या चाचण्यांपुरती काय ती सूट होती. देशात धड वाटाडे नऊ. हिशेब सोपा होता, नऊ माणसं गुणिले दोन दिवस, आणि बाकीचे हजारो घरी. बंडी असेल तर वाटाड्या लागणार नाही, हे एकदा परवानगी देणाऱ्या समितीला पटलं की संपूर्ण हंगाम उघडणार होता. आधी न बघू शकणाऱ्यांना, मग त्यांच्या पाठोपाठ चाकाच्या खुर्चीतल्यांना, बसून घसरणाऱ्यांना, सगळ्यांना. समिती उद्या येणार होती. शाहीनला परवापासून एका जागी बसवत नव्हतं. जेवताना तिची बोटं ताटाच्या काठावर ताल धरत, बूट बांधताना ती दोनदा नाडी सोडून पुन्हा बांधे.

आणि त्या सकाळी ढोबळेबाई पडल्या.

वसुधा ढोबळे अकोल्याच्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. वय सत्तेचाळीस. नऊ वर्षांपूर्वी नजर कमी होत होत गेली, तरी शाळा सोडली नाही. नवशिक्यांच्या बाराजणांच्या तुकडीत त्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत धीट. उद्या समितीसमोर उतरायचं ते त्यांनीच, असं ठरलं होतं. दहा दिवस त्या खालच्या सपाटीवर शिकल्या होत्या, आज पहिल्यांदा वरून येत होत्या. शाहीन मधल्या टप्प्यावर, भोजपत्राच्या झाडांखालच्या वळणाशी उभी राहून ऐकत होती. बाईंच्या स्कीचा आवाज वरून आला, छान गोल, बेताच्या वेगाचा. वळणाशी आला आणि बंद झाला. पातळ झाला.

काच. शाहीनचे स्वतःचे गुडघे उभ्या जागी वाकले. तिला वाटलं आता बाईही वाकतील, बंडी त्यांना सांगेलच. बाई वाकल्या नाहीत. स्की खरवडल्याचा लांब, ओंगळ आवाज आला, मग अंग आपटल्याचा, आणि मग जाळीचा. कडेला जाळी होती म्हणून त्या दरीच्या अलीकडे थांबल्या.

शाहीन आवाजाच्या रोखाने गेली तेव्हा बाई जाळीत पाय अडकून बसल्या होत्या आणि हसायचा प्रयत्न करत होत्या. मनगट सुजलं होतं, मोडलं नव्हतं. "मॅडम, मले एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "तिथं बंडी काही बोलते का नाही? माझी तर काहीच बोलली नाही."

शाहीनने त्यांना धरून उठवलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आपल्याला ऐकू आलं होतं. ओरडायला अर्धा श्वास होता. आपण ओरडलो का नाही? अकरा वर्षांत तो शब्द कधी तोंडातून काढावाच लागला नव्हता, म्हणून जीभ हललीच नाही.

दुपारी इंद्रनीलने बाईंच्या बंडीतली नोंद उघडली. शाहीन त्याच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होती. खोली तीन पावलांची. त्याने दोनदा सांगितलं की ताई, बसा. नंतर त्याने तो नाद सोडला.

बंडीचं काम समजायला अवघड नाही. लहानपणी पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. बंडी तेच करते. जाकिटाच्या आत, पाठीला चिकटून अठ्ठेचाळीस छोटी बोटं असतात, आणि छातीवर दोन डोळे, एक लेसरचा आणि एक रडारचा. लेसर उताराचा आकार मोजतो. रडार हिमाचा पोत तपासतो. त्याची लहर मऊ हिमात शिरून विखुरते आणि थोडी माघारी येते. काचेवर मात्र ती आदळून पुढे निसटून जाते, माघारी फारशी येतच नाही. ते न येणं हीच काचेची खूण. डावीकडे खड्डा असेल तर डाव्या खांद्यावर टिचकी, पुढे काच असेल तर कमरेवर दोन.

इंद्रनीलने नोंद वाचली. रडारने काच ओळखली होती, वळणाच्या चौदा मीटर आधी. कमरेवर दोन टिचक्या द्यायच्या, हेही बंडीला ठाऊक होतं. पण त्या टिचक्यांचा जोर तिने शून्य ठेवला होता.

"शून्य कुणी केला?" शाहीनने विचारलं.

इंद्रनीलने तिला जे सांगितलं ते असं. हातातली बांगडी जशी थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, तशी सततची टिचकी कातडी विसरते. म्हणून बंडीने सगळं सांगायचं नसतं, माणसाला जे माहीत नाही तेवढंच सांगायचं. पण माणसाला काय माहीत आहे ते तिला कसं कळावं? त्यासाठी बुटांत आणि गुडघ्यांवर मोजणी बसवली होती. टिचकी मिळायच्या आधीच अंग वळलं, तर ती टिचकी फुकटची. असं शे-दोनशे वेळा झालं की बंडी ती टिचकी सोडून देते. शाहीनचे गुडघे काचेवर दर वेळी आधीच वाकायचे. तीन हिवाळ्यांत एक हजार सहाशे चाळीस वेळा. बंडी शिकली की काच सांगायची गरज नसते.

आणि नवशिक्यांच्या बाराही बंड्यांना विरजण लावलं होतं ते शाहीनच्या बंडीचं, तिचं सगळं शिकणं जसंच्या तसं त्यांच्यात उतरवलं होतं. दुसऱ्या कुणाचं लावणार? इतके तास उतारावर घालवलेलं न बघणारं माणूस देशात दुसरं नव्हतंच. चाचण्याही सगळ्या तिनेच घेतलेल्या. दर चाचणीत ती काचेवरून सुखरूप उतरली आणि दर चाचणी पास झाली.

शाहीन अखेर बसली, खुर्चीवर नाही, बंड्यांच्या खोक्यावर. तिला स्वतःचाच राग आला, मग इंद्रनीलचा, मग पुन्हा स्वतःचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर दळणारीनेच जात्याला शिकवलं होतं की पीठ मोजू नकोस.

दुरुस्ती होईल का, असं तिने विचारलं. होईल, पण नीट करायची तर पंधरा दिवस. नुसता जोर वाढवला तर बंडी पहिल्या वर्षीसारखी बडबडायला लागेल आणि नवशिके गोंधळून जास्त पडतील. राहिला प्रश्न उद्याचा. उद्या ऊन आहे, इंद्रनील म्हणाला, साडेअकरापर्यंत काच विरघळते. समितीला चहा-नाश्त्यात, माहिती देण्यात बारा वाजवू. बाराला बाई उतरतील, मऊ हिमावर. बंडीत तेवढा एक दोष सोडला तर बाकी सगळं चोख आहे, ताई. परवानगी येऊ द्या. पंधरा दिवसांत मी दुरुस्त करतो, तोवर कुणालाच वर सोडायचं नाही. कुणाचं काही बिघडत नाही.

तो लबाड नव्हता. त्याने सांगितलं ते घडलंही असतं कदाचित. शाहीन काठी घेऊन बाहेर पडली आणि विचार करायला म्हणून चालू लागली. पाय तिला नेमके जिथे जायचं नव्हतं तिथे घेऊन गेले, जाळ्या आणि खांब ठेवायच्या लाकडी खोपीपाशी. आत सर्जेराव होते. गरम मेणाचा वास येत होता, म्हणजे कुणाच्या तरी स्कीला मेण लावत असणार.

हवालदार सर्जेराव निकम कोरेगाव तालुक्यातले. पलटणीत असताना बर्फावर पोरांना शिकवलं, निवृत्त झाल्यावर गावी दोन महिने राहिले आणि करमेना म्हणून परत डोंगरात आले. दहा वर्षं ते शाहीनचे वाटाडे होते. ते पुढे, ती मागे, कानात त्यांचा आवाज. डावं, हां, हां, उजवं, हां. सांगण्यासारखं काही नसलं तरी ते हां हां चालूच ठेवायचे, म्हणजे आवाज कुठून येतो त्यावरून तिला वाट कळायची. दहा वर्षं तिने त्या हांच्या मागे जीव सोडून दिला होता. गेल्या वर्षी बंडी शहाणी झाली, आणि एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं की अण्णा, आता तुम्ही खाली थांबलात तरी चालेल. गुडघ्यालाही आराम पडेल तुमच्या. ते बरं म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून बचावपथकात खांब रोवायला लागले. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं.

ती दारात उभी राहिली. तिने जाळीसाठी आभार मानले. भोजाच्या वळणावर जाळी नसती तर बाई दरीत असत्या.

"कालच लावली," सर्जेराव म्हणाले. "रोज काच धरती तिथं आठ दिस झालं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं? तुला म्हाईत असतंय की."

शाहीन चौकटीला टेकली. तिने मग सगळं सांगितलं, बंडीचं, शून्याचं, बारा वाजवायच्या बेताचं. सर्जेराव मेणाची इस्त्री फिरवत ऐकत होते. ती थांबली तेव्हा त्यांनी इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"तुला आठवतंय का न्हाई कुणास ठाऊक," ते म्हणाले. "पयल्या वर्षी मी सांगायचो तुला. काच आली की काच म्हणायचो. तू एकदा खाली येऊन माझ्यावर खेकसलीस. अण्णा, मला ऐकू येतं, उगं बडबडू नका म्हणालीस. म्हणून मग न्हाई सांगितलं परत." त्यांनी स्की उलटी केली. "दर येळी भ्या वाटायचं. तू काचंवर येस्तवर जीभ चावून गप ऱ्हायचो आणि मग हां म्हणायचो."

शाहीनला आठवत नव्हतं. पण खोटं नसणार, तिला स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. म्हणजे बंडी काही नवीन शिकली नव्हती. अण्णा शिकले होते तेच ती शिकली. दोघांनाही गप्प करणारी आपणच.

तरी एक फरक होता आणि तो आत्ता, या मेणाच्या वासात, तिला लख्ख कळला. अण्णांचा आवाज थांबला की ती थांबायची. रेडिओ बंद पडला, अण्णा पडले, काहीही झालं तरी हां बंद झालं की दोन्ही पाय आडवे. बंडी गप्प असली की मात्र ती निघायची, कारण बंडीच्या गप्प असण्याचा अर्थ सगळं ठीक असा होता. बाईंनीही तेच केलं. बंडी गप्प होती म्हणून त्या विश्वासाने काचेवर गेल्या.

तिने विचारलं, उद्या सांगितलं तर समिती फाइल बंद करेल का? सर्जेराव म्हणाले, करंलही. मग त्यांनीच विचारलं, "बाराजणांत एक जरी गेला, तर फायलीचं सोड, तू सोताच्या बुटात पाय घालशील का परत?"

खोलीवर जाऊन तिने तीनदा बूट काढले-घातले आणि उजाडेपर्यंत कूस बदलत राहिली.

समिती नऊला आली. अध्यक्ष नेगीबाई कामाचं माणूस, त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर या म्हणाल्या. इंद्रनीलने पडद्यावर चित्रं लावली आणि माहिती द्यायला सुरुवात केली. तो संथ बोलत होता, बारा वाजवायचे होते ना. त्याच्या तिसऱ्या वाक्याला शाहीन उभी राहिली. हिंदीत, मिरजेच्या हेलाच्या हिंदीत, तिने काल काय झालं ते सांगितलं. बंडी का गप्प राहिली ते सांगितलं. ती माझ्यामुळे गप्प राहिली, हेही सांगितलं. इंद्रनीलचा आवाज मध्येच बंद झाला.

नेगीबाईंनी कागद गोळा केल्याचं ऐकू आलं. त्या म्हणाल्या की हे सांगितलंत ते बरं केलंत, पण मग आज दाखवायचं तरी काय? यंत्र तयार झालं की पुन्हा अर्ज करा. शाहीनला हे अपेक्षितच होतं. अकरा वर्षं पाच मिनिटांत संपतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात मागून ढोबळेबाई बोलल्या. मनगटाला पट्टा बांधून त्या आल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्यांनी सांगितलं की मी अकोल्याहून दोन दिवस प्रवास करून आले आहे आणि तो उतार पुरा केल्याशिवाय जाणार नाही. नियमात वाटाड्याबरोबर उतरता येतं ना? मग द्या वाटाड्या. इतिहासाच्या बाई, नियम पाठ होते त्यांना.

"काच आहे आत्ता वर," शाहीन पटकन म्हणाली. "विरघळायची वाट बघू नका. ती आहे तोवरच बघा."

असे ते तिघे वर गेले. पुढे सर्जेराव, मग शाहीन, तिच्या मागे दहा हातांवर ढोबळेबाई, आणि तिघांच्या कानात एकच रेडिओ. सर्जेरावांच्या गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी वळणं सांगायची, शाहीनने काच सांगायची, असं ठरलं. इंद्रनीलने शेवटच्या क्षणी येऊन बाईंच्या बंडीत काहीतरी बदललं. बंडी आज काही बोलणार नाही, फक्त ऐकेल, एवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. त्याचा राग तिला समजत होता, पण बोलायला वेळ नव्हता.

निघाले. डावं, हां, हां. वर्षभराने तो आवाज शाहीनच्या कानात आला. हां, उजवं, हां. मागून बाईंच्या स्कीचा आवाज जरा थरथरता, पण गोल. शाहीनला स्वतःच्या पायांचं काहीच वाटत नव्हतं. तिला भीती होती ती जिभेची. गुडघे आपोआप वाकतील, पण जीभ? भोजाच्या झाडांचा वारा डाव्या गालावर लागला. आवाज पातळ होऊ लागला.

"काच!" ती ओरडली. इतक्या जोराने की रेडिओ खरखरला.

मागे खरवडल्याचा छोटा आवाज आला, एक धाप, आणि मग स्की पुन्हा गोल वाजायला लागल्या. बाई उभ्या होत्या. पुढे आणखी दोन ठिकाणी काच होती. दोन्ही वेळा शाहीनने सांगितली. दुसऱ्या वेळी तिची जीभ सरावली होती, तिसऱ्या वेळी ती नुसती बोलली, ओरडली नाही.

खाली टाळ्या झाल्या, पण निकाल काही टाळ्यांवर लागत नसतो. नेगीबाईंनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या बंडीच्या भरवशावर कुणालाही एकटं सोडता येणार नाही, या वर्षी तरी नाही. बाराजणांपैकी अकराजण मोठा उतार न करताच घरी गेले. त्यातल्या दोघांनी जाताना शाहीनशी हात मिळवला नाही, आणि ते तिला लागलं. पण जायच्या आधी नेगीबाईंनी एक प्रश्न विचारला होता. वाटाड्या डोळसच असला पाहिजे असं आपण कशावरून धरून चाललोय? मधल्या वाटाड्याला आज काही दिसत नव्हतं, आणि काम तर झालं. तुमच्यासारखी माणसं तयार होणार असतील तर त्यांची नावं यादीत घ्यायला मी समितीला सांगेन. नऊचे दहा झाले, असं इंद्रनील कडवटपणे म्हणाला. मग जरा वेळाने तोच म्हणाला, दहाचे वीस व्हायला किती दिवस लागतील?

ढोबळेबाई राहिल्या. चाचणी म्हणून आठ दिवस त्या रोज सर्जेराव आणि शाहीनच्या मागे उतरल्या. बंडी प्रत्येक वेळी शाहीनचं काच ऐकत होती आणि ते कमरेवरच्या दोन टिचक्यांशी जोडत होती, आणि मग त्या टिचक्या देऊही लागली. शाहीनच्या गुडघ्यांकडून ती जे कधीच शिकू शकली नसती, ते तिला तोंडच्या शब्दाने कळत होतं. नवव्या दिवशी इंद्रनील नोंद घेऊन आला. बाईंचे गुडघेही आता अधूनमधून टिचकीच्या आधी वाकतात, तो म्हणाला, त्यांनाही ऐकू यायला लागलंय बहुतेक. बंडी विचारतेय, काचेची टिचकी हळूहळू कमी करू का?

"नको," शाहीन म्हणाली. "त्यांना आली तरी सांगत राहू दे. कुणालाच कमी करायची नाही. आणि सगळं ठीक असेल तेव्हाही तिला गप्प बसू देऊ नकोस. अण्णांसारखं हां हां करत राहायला शिकव."

इंद्रनील म्हणाला की मग पाठ पुन्हा बधिर होईल, कातडी सततचं विसरते हे मी तुम्हाला सांगितलं होतं. शाहीन म्हणाली, मग हलकं कर, सावकाश कर, जागा बदलत राहा, तुला काय करायचं ते कर. तो डोकं खाजवत गेला. तो ते करून दाखवणार हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वर आली. बंडी घातली नव्हती. सर्जेराव वरच्या खोपीशी बूट आवळत होते. त्यांच्याशी काय बोलायचं ते तिने रात्रभर ठरवलं होतं, वर्षभराचं सगळं, जेवतानाचं ते वाक्य, गुडघ्याचं निमित्त. समोर आल्यावर त्यातलं काहीच निघालं नाही.

"अण्णा, आज काच आली की मलाही सांगा," ती म्हणाली.

"तुला येतंय की ऐकू."

"येतंय. तरी सांगा."

सर्जेराव पुढे गेले आणि त्यांचं हां सुरू झालं. डावं, हां, हां, उजवं. भोजाच्या झाडांचा वारा गालावर आला, आवाज पातळ झाला.

"काच," सर्जेराव म्हणाले, दहा वर्षांनी. शाहीनचे गुडघे केव्हाच वाकले होते.